पहिले दहा आठवडे: सोलापुरात धावायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

नव्याने धावायला लागलेली माणसं धावणं का सोडतात असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आळस. मला ते पटत नाही. होम मैदानावर सकाळी येणारी नवी मंडळी मी बरीच वर्षं पाहत आलेय. पहिल्या दिवशी नवे बूट, नवी ट्रॅक पँट आणि मैदानात पाय टाकल्या टाकल्या सुसाट पळणं. दीड-दोनशे मीटरवर दम लागतो, बरगडीखाली कळ येते, तोंडाला कोरड पडते. मग कमरेवर हात ठेवून थांबायचं, कुणी बघतंय का ते पाहायचं आणि मनाशी म्हणायचं, "हे आपलं काम नाही." दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या ठणकतात. तिसऱ्या दिवशी गजर बंद होतो. यात आळस कुठे आला? जी गोष्ट दोन दिवस नुसता त्रास देते, तिच्यासाठी पहाटे पाचला कोण उठेल?

उत्साह आधी येतो आणि मग माणूस धावतो, असा आपला समज असतो. माझ्या पाहण्यात क्रम उलटा आहे. धावून घरी आल्यावर बरं वाटलं, तर पुढच्या वेळी उठावंसं वाटतं. म्हणून सुरुवातीचे दहा आठवडे एकच काम: प्रत्येक वेळी "अजून थोडं जमलं असतं" असं वाटत असताना घरी यायचं. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या सोयीसाठी आहे.

दिवस आधी ठरवा

कोजागिरीच्या सुमाराला तुळजापूर रोडवर जाऊन बघा. सोलापुरातून आणि पलीकडे कर्नाटकातून आलेली माणसं रात्रभर चालत असतात. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. त्यातले कितीतरी जण एरवी कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढतात. पण त्या दिवशी "आज मूड आहे का?" असं ते स्वतःला विचारत नाहीत. तिथी ठरलेली, सोबत ठरलेली, पिशवीत काय घ्यायचं ते ठरलेलं, चहा कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. श्रद्धा तर आहेच, पण ही मांडणीही माणसाला पुढे नेते, आणि ती आपल्याला धावण्यासाठी उचलता येते.

आठवड्याचे तीन दिवस ठरवा, मध्ये एक तरी दिवस सोडून. मंगळवार, गुरुवार, शनिवार म्हणा. रोज धावायचं नाही. पायांची डागडुजी सुटीच्या दिवशी होते. दिवस ठरवताना नळाला पाणी कधी येतं ते आधी बघा. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, आणि कधी कधी नेमकं पहाटे येतं. पिंप, हंडे, टाकी भरणं टाळता येत नाही, विशेषतः घरातल्या बाईला. पाण्याचा दिवस आणि धावण्याचा दिवस एकत्र आले की धावणं हरणार. तेव्हा त्या दिवशी सुटी असं आधीच लिहून टाका, म्हणजे "चुकलं" असं वाटणार नाही. वेळापत्रक घसरलं तर दुसऱ्या दिवशी धावा. एक खाडा झाला तर चालेल, सलग दोन होऊ द्यायचे नाहीत. आणि बुडालेला दिवस भरून काढायला दुप्पट धावायचं नाही, कधीच नाही.

माग, कारखाना किंवा दवाखान्यात शिफ्ट असेल तर पहाटेचा हट्ट सोडा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोप मोडून धावू नये. झोपून उठल्यावर, ऊन उतरल्यावर, संध्याकाळी निघा. वेळ कोणती हे फार महत्त्वाचं नाही, ती रोज बदलू नये एवढंच.

आदल्या रात्री कपडे खुर्चीवर काढून ठेवा, बूट दाराशी, मोजे बुटात, किल्ली खिशात. पहाटे अंधारात मोजे शोधत बसलं की अंथरूण आपल्याला परत बोलावतं. आणि स्वतःशी एक करार करा: घराबाहेर पडून फक्त पाच मिनिटं चालायचं. पाच मिनिटांनंतरही नको वाटलं तर परत यायचं, आणि तो दिवस झाला असं धरायचं. परत फिरण्याची वेळ फार क्वचित येते.

जमलं तर सोबत शोधा. आपल्यापेक्षा जोरात धावणारी नको, आपल्यासारखीच नवी. "निघालीस का गं? मी चौकात उभी आहे," असा निरोप आला की अंथरुणात पडून राहणं अवघड होतं.

सवय लागायला २१ दिवस पुरतात असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. साधारण ६६ दिवस हा मधला आकडा निघाला आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा महिन्याभरानंतरही उठणं जड जात असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. अजून वेळ आहे, इतकंच.

बोलता येईल इतकाच वेग

लेखातला हा भाग दोनदा वाचा.

तुमचा वेग बरोबर आहे का हे बघायला घड्याळ लागत नाही. धावता धावता मोठ्याने म्हणा: "अण्णा, मी अशोक चौकातून निघालेय, दहा मिनिटांत घरी पोचते, दार उघडं ठेवा." हे वाक्य एका दमात, न अडखळता म्हणता आलं तर वेग ठीक. "अण्णा, मी..." म्हणून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, कमी करा. कितीही कमी चालेल. शेजारून झपझप चालणारे आजोबा पुढे निघून गेले तरी चालेल. छोटी पावलं, पाय जमिनीपासून जेमतेम उचललेला, खांदे सैल, मुठी न आवळलेल्या. धावताना तुमच्या पायांचा धप-धप आवाज तुम्हाला ऐकू येत असेल तर पाऊल लांब पडतंय, आखूड करा.

हळू धावणं म्हणजे कच्चं धावणं, असं वाटून घेऊ नका. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास स्टीफन सायलर यांनी केला, तेव्हा त्यांच्या सरावाच्या दिवसांपैकी सुमारे ८० टक्के दिवस हळू वेगाचे असल्याचं दिसलं. पदकं मिळवणारे जर इतकं हळू धावत असतील तर आपण पहिल्या महिन्यात कसली घाई करायची?

शरीराच्या बाजूनेही कारण आहे. नियमित धावायला लागल्यावर हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, श्वास सुधारतो. पायातली हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र महिने घेतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात दम टिकायला लागतो, उत्साह वाढतो, आपण वेग वाढवतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी किंवा टाच दुखायला लागते. श्वास तयार असतो, पाय नसतात. चांगली चाललेली माणसं इथे गळतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांनी अवघड भाग पार केलेला असतो.

दहा आठवड्यांचा क्रम

१९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसारख्या, कधीच न धावलेल्या माणसांसाठी नऊ आठवड्यांचा एक क्रम तयार केला: थोडं धावणं, थोडं चालणं, आठवड्यातून तीनदा. जगभर तो अजून वापरला जातो. खालचा क्रम त्याच पद्धतीचा आहे, जरा सबुरीचा.

प्रत्येक वेळी सुरुवातीला पाच मिनिटं झपझप चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश. मधलं असं:

पहिला आणि दुसरा आठवडा: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा.
तिसरा आणि चौथा: २ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं, सहा वेळा.
पाचवा आणि सहावा: ४ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं, चार वेळा.
सातवा: ७ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं, तीन वेळा.
आठवा: १० मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं, दोन वेळा.
नववा: १५ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं, पुन्हा १० मिनिटं धावणं.
दहावा: २५ मिनिटं न थांबता.

एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा. दहाचे पंधरा आठवडे झाले म्हणून काही बिघडत नाही. पहिल्या आठवड्यातलं एक मिनिट फार सोपं वाटेल आणि हात शिवशिवतील. तरी वाढवू नका. दहाव्या आठवड्यात साधारण तीन किलोमीटर होतील. फोनमध्ये अंतर आणि वेग मोजणारं ॲप असेल तर पहिले दोन महिने ते बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिनिटं मोजायला साधं घड्याळ पुरतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धावलेल्या तारखेला पेनाने गोल करा, एवढी नोंद खूप झाली.

सुरुवात करण्याआधी एक काम. वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा बीपी, शुगर, दमा, हृदयाचा त्रास असेल, घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच लागा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी असू द्या.

बूट आणि कपडे

खर्च करायचा तर फक्त बुटांवर. धावण्याचेच बूट घ्या. कॅनव्हासचे किंवा जाड चामड्याचे नकोत. नवी पेठेत किंवा कुठेही घेताना संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे घालून बघा, पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. दुकानातच थोडं धावून पाहा, लाजू नका. रोजच्या वापराला ते बूट घालू नका, म्हणजे टिकतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ दबतो. कपडे सुती असले तरी सुरुवातीला चालतात. सलवार-कमीज घालून धावायला काहीच हरकत नाही, ओढणी घरी ठेवा. बायकांनी मात्र चांगली, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा जरूर घ्यावी. बुटांइतकीच ती गरजेची आहे आणि दुकानात मागायला संकोच वाटतो म्हणून कितीतरी जणी तशाच धावतात, मग दुखतं म्हणून सोडतात.

कुठे धावायचं

मातीची जमीन डांबरापेक्षा बरी आणि डांबर काँक्रीटपेक्षा. होम मैदान सोयीचं, शेजारी सिद्धेश्वर तलाव आणि किल्ल्याची बाजू. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी भरून जातं. तेवढे दिवस दुसरी जागा आधीच हेरून ठेवा, नाहीतर "मैदान नाही" म्हणून धावणं थांबतं आणि परत सुरू होत नाही. विजापूर रोडकडे राहणाऱ्यांना कंबर तलावाची बाजू आणि नेहरूनगरचं मैदान आहे. जुळे सोलापुरात आतले रस्ते सकाळी मोकळे असतात. पूर्व भागात गल्ल्या अरुंद, तिथे जवळच्या शाळेचं मैदान सकाळी उघडं मिळतं का ते विचारा. घरापासून दहा मिनिटांच्या आतली जागा निवडा. लांबच्या सुंदर जागेपेक्षा जवळची साधी जागा टिकते.

रस्त्यावर धावत असाल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं. कानात गाणी नकोत, निदान अंधारात तरी नकोत. हायवेला लागूच नका. जड वाहनं आणि धूळ दोन्ही वाईट.

ऊन

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, ४२-४३ अंश आपल्याला नवे नाहीत. सुरुवातीला सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या शेवटापासूनचा: दिवाळीच्या आसपास लागलात तर संक्रांतीपर्यंत दहा आठवडे पूर्ण होतात. उन्हाळ्यात लागायचं असेल तरी लागा, पण सूर्य उगवताना धावा. दिवसातली सगळ्यात थंड वेळ तीच. मेमध्ये पावणेसहा-सहाला उजाडतं, सातच्या आत घरी. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस धावण्याची मिनिटं निम्मी करा.

आपली हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो, म्हणून किती पाणी गेलं ते कळत नाही. उठल्यावर एक भांडं पाणी, आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा, सावलीत बसा, मानेवर आणि डोक्यावर पाणी घाला. कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या. उष्माघात जिवावर बेततो. पावसाचं म्हणाल तर तो आपल्याकडे बेताचाच, जोर सप्टेंबरात. पावसामुळे बुडणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पोटाचं थोडक्यात: अर्ध्या तासाच्या धावण्याआधी खायची गरज नसते, फार तर अर्धं केळं. आल्यावर ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, दही, एखादी उसळ. याहून वेगळं काही विकत आणायची गरज नाही.

लोक आणि कुत्री

पहिले काही दिवस कुणीतरी ओरडणारच: "काय बे, कुणीकडं पळायलास?" हात वर करून "सकाळ झाली की!" म्हणा आणि पुढे व्हा. पंधरा दिवसांत तीच माणसं "काल दिसला नाहीस" असं विचारतात. टिंगल करणाऱ्यांची ओळखीची माणसं होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बायकांना हे इतकं सोपं नसतं. डबे, शाळा, सासूबाईंचा चहा, आणि वर "या वयात कशाला?" घरच्यांशी आधी बोला, अगदी मुद्द्याचं बोला: आठवड्यातले तीन दिवस, पस्तीस मिनिटं, चहा त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी करायचा. मोघम "मी जरा धावायला जाईन म्हणते" असं म्हटलं की ते कधीच होत नाही. अंधारात एकटीने जाऊ नका, उजाडल्यावर निघा, वर्दळीची जागा निवडा. आपल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्यासारख्याच दुष्काळी मुलखातली मुलगी. आपल्याला ऑलिम्पिक नकोय, मैदानाची एक फेरी हवीय, आणि ती मागायला कुणालाही संकोच वाटू नये.

कुत्र्यांची भीती खरी आहे. पळणाऱ्या पायांमागे कुत्रं लागतं, तेव्हा ते जवळ आलं की धावणं थांबवा आणि चाला. पाठ फिरवू नका, डोळ्यात डोळे घालू नका, दगड उचलायची घाई करू नका. रोजच्या वाटेवर टोळकं असेल तर वाट बदला. चावलंच, साधा ओरखडा असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

दुखलं तर

दोन्ही पाय सारखे, मांसात, जड जड दुखत असतील तर ते सरावाचं दुखणं. दोन दिवसांत जातं, चालत राहा. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं, हाडावर किंवा सांध्यात दुखत असेल आणि धावताना वाढत असेल तर थांबा. चार-पाच दिवस नुसतं चाला. तरी राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम: त्याच क्षणी थांबून दवाखाना. "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही.

उत्साह ओसरतो तेव्हा

तो ओसरतोच, बहुतेकांचा चौथ्या-पाचव्या आठवड्यात. नवलाई संपलेली असते, वजनकाटा हललेला नसतो. वजनाकडे या दहा आठवड्यांत बघू नका. ते खाण्याने जास्त ठरतं आणि धावण्याने उशिरा. दुसऱ्या खुणा शोधा. सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायला जिना चढताना धाप लागली का? रात्री झोप कधी लागली? दुपारी कामावर डोळे मिटतात का? या गोष्टी आधी बदलतात आणि लक्ष दिलं तरच कळतात. त्या कॅलेंडरवरच्या गोलाशेजारी दोन शब्दांत लिहा.

फारच नको वाटत असेल त्या आठवड्यात क्रम तोडा: तिन्ही दिवस नुसतं चाला, त्याच वेळेला, त्याच बुटात. वेळ सांभाळली की धावणं परत येतं. लग्नसराई, आजारपण, परीक्षा, गावची जत्रा यात दोन-तीन आठवडे गेलेच तर जिथे थांबलात तिथून नव्हे, दोन आठवडे मागून सुरू करा.

दहावा आठवडा झाला की आणखी काय, असं विचारलं जातं. तीन दिवस तेच ठेवा. दोन दिवस २५ मिनिटं, आणि शनिवारी किंवा रविवारी दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ४० पर्यंत जा. तेवढ्यात हळू धावणाऱ्याचेही पाच किलोमीटर होतात. मग थंडीतल्या एखाद्या पाच किलोमीटरच्या धावेत नाव द्या, सोबत जिच्याबरोबर सुरुवात केली तिचंही नाव लिहा, आणि त्या दिवशी गर्दीबरोबर सुटताना पहिला किलोमीटर मुद्दाम सगळ्यांच्या मागे धावा.